पद्मिनीला सॉकेट कुठाय? जुन्या गाड्या आणि त्यांना विकली जाणारी नवी यंत्रं

(या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं आणि चहाचे घोट काढून टाकलेत.)

गाडी चालवत ऐकत असाल तर माझा आवाज थोडा कमी करा आणि गाडीचा येऊ द्या. आजचा विषयच तो आहे. गाडी बिघडली की तिला काय झालंय हे कळतं कसं, आणि ते कळवून देतो म्हणणारी जी खेळणी हल्ली विकली जातात, ती जुन्या गाडीला लावली की काय होतं.

तुमच्या शॉपिंग ॲपवर 'कार स्कॅनर' असं टाकून बघा. काडेपेटीएवढी एक डबी दिसेल, बहुतेक निळी नाहीतर काळी. गाडीत खोचायची, ब्लूटूथने फोनला जोडायची, की फोनवर काटे हलायला लागतात, आकडे पळायला लागतात, शेवटी हिरवी खूण येते: सगळं ठीक. किंमत म्हणाल तर एका पिझ्झ्याच्या आसपास. आणि वर्णनात बऱ्याचदा तीन शब्द असतात: 'सर्व गाड्यांसाठी उपयुक्त'.

सर्व गाड्यांसाठी. बरं. आता समजा तुमच्या आजोबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८२ ची. तुम्ही डबी मागवली. स्टिअरिंगखाली डोकं घातलं. मोबाइलचा टॉर्च मारला. तिथे काय आहे? दोन-चार वायरी, वर्षानुवर्षांची धूळ आणि कदाचित एखादं जुनं पार्किंगचं तिकीट. डबी खोचायला जागाच नाही. कारण ती गाडी बनली तेव्हा असलं सॉकेट कोणी बसवत नव्हतं, आणि बसवलं असतं तरी त्याच्या मागे बोलायला कोणी नव्हतं. पद्मिनीत कॉम्प्युटर नाही. तिला ही डबी लावणं म्हणजे पोस्टकार्ड टाकून दोन निळ्या खुणांची वाट बघत बसणं.

तुम्ही म्हणाल, ठीक आहे, बसत नाही तर परत करू, सात दिवसांत पैसे मिळतील. इतकंच असतं तर हा भाग पाच मिनिटांत संपवला असता. पण त्यामागे एक मोठा गैरसमज आहे, आणि तो जुन्या गाडीच्या मालकाला महागात पडू शकतो. कधी कधी जिवावरही बेतू शकतो. तिकडे येतोच. आधी ते सॉकेट आलं कुठून ते बघू.

या सॉकेटचं नाव ओबीडी, म्हणजे गाडीतच बसवलेली निदानाची सोय. गंमत अशी की ही सोय गाडीच्या मालकासाठी जन्मालाच आली नाही. ती आली धुरासाठी. लॉस एंजेलिस शहरावर १९४० च्या दशकापासून डोळे चुरचुरवणारं धुकं साचायला लागलं होतं. कॅल्टेकमधले आरी हागेन-श्मिट यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेल कारखान्यांच्या वाफांवर ऊन पडून हे धुकं तयार होतं. पुढे कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुरावर कडक नियम आणले. पण नियम फक्त शोरूममधल्या नव्या गाडीने पाळून काय उपयोग? पाच वर्षांनी एखादा भाग बिघडला आणि गाडी धूर ओकायला लागली तर ते कळायला हवं. म्हणून सांगितलं गेलं की गाडीने स्वतःवर लक्ष ठेवावं, आणि धूर वाढेल असं काही बिघडलं की दिवा लावावा. १९९६ सालापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या कारना एकसारखं सॉकेट आलं, सोळा पिनांचं. त्यालाच ओबीडी-टू म्हणतात. आपल्याकडे ही सोय बीएस-फोर नियमांसोबत, २०१० नंतर टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली.

म्हणजे ते सॉकेट मुळात प्रदूषणाच्या पहारेकऱ्याची खिडकी आहे. तुमचे ब्रेक घासलेत का, स्टिअरिंगचा बॉल जॉइंट ढिला झालाय का, चासीला गंज लागलाय का, हे त्या खिडकीतून दिसत नाही. नव्या गाडीतही नाही.

दुसरी गोष्ट. ती डबी बिघाड सांगते, हेही अर्धंच खरं आहे. ती कोड सांगते. समजा पी-०१७१ हा कोड आला. अर्थ काय, तर इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय. का होतेय? एखादा रबरी पाइप फाटला असेल, पेट्रोल पंप थकला असेल, इंजेक्टर तुंबला असेल, नाहीतर हवा मोजणारा सेन्सरच घाण झाला असेल. कोडला यातलं काहीच माहीत नाही. कोड हा प्रश्न आहे. उत्तर मेकॅनिकलाच शोधावं लागतं. आणि हा प्रश्न तरी कोण विचारतं? गाडीतला कॉम्प्युटर, जागोजागी बसवलेल्या सेन्सरकडून माहिती घेऊन. डबी फक्त निरोप्या आहे. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही, तर निरोप्या काय सांगणार? कप्पाळ!

आता इथे कोणीतरी हात वर करेल की जुन्या गाड्यांनाही सॉकेट होतं! बरोबर आहे, काहींना होतं, आणि तो किस्सा भारी आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फोक्सवॅगनने बीटलच्या इंजिनापाशी चक्क निदानाचं एक गोल सॉकेट बसवायला सुरुवात केली. कार्बोरेटरच्या बीटलमध्ये! कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कपाटाएवढं यंत्र असायचं, त्याची जाड केबल त्या सॉकेटला लावायची, मग ते बॅटरी, दिवे, इग्निशन वगैरे तपासायचं. पण गाडीत कॉम्प्युटर नव्हताच. सॉकेट म्हणजे ठिकठिकाणच्या वायरींची टोकं एका जागी आणून ठेवलेली. डोकं सगळं त्या कपाटात. कपाटं गेली, सॉकेट उरलं. आज तुमच्या डबीला ते सॉकेट दाखवलंत तर लग्नाळू मुलामुलीची पत्रिकाच जुळत नाही, तसा प्रकार.

तर, डबी बसत नाही म्हटल्यावर बाजार गप्प बसतो का? छे. बाजाराकडे दुसरं दुकान आहे. सॉकेट नाही ना? मग सिगारेट लायटरच्या भोकात खोचायचं यंत्र घ्या. निळा दिवा लागतो, 'व्होल्टेज स्थिर होऊन मायलेज वाढतं' असं खोक्यावर लिहिलेलं असतं. नाहीतर पेट्रोलच्या पाइपवर बसवायचे चुंबक घ्या, म्हणे पेट्रोलचे रेणू सरळ रांगेत उभे राहतात. शाळेच्या प्रार्थनेसारखे!

या प्रकारच्या वस्तूंवर हसण्याआधी एक पुरावा सांगतो. 'नायट्रो ओबीडी-टू' नावाची एक डबी ऑनलाइन भरपूर विकली गेली. दावा असा की गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलून ती ताकद वाढवते. २०१७ मध्ये फ्रान्समधल्या क्वार्क्सलॅब या सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी ती फोडून पाहिली. आधी त्यांनी गाडीच्या वायरीवरचे निरोप नोंदवले, डबी न लावता आणि लावून. फरक शून्य. मग आत पाहिलं, तर गाडीशी बोलायला जो भाग लागतो तोच नव्हता. एक छोटी चिप होती आणि तिचं काम होतं दिवे लुकलुकवणं. बस्स. हे नव्या गाडीत, जिथे बोलायला समोर कोणीतरी होतं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, पेट्रोल वाचवण्याचा दावा करणारी शंभराहून जास्त उपकरणं आजवर तपासली आहेत. मायलेज लक्षणीय वाढवणारं त्यात एकही सापडलेलं नाही.

आणि जुन्या गाडीत अशा वस्तू नुसत्या बिनकामाच्या ठरत नाहीत, कधी कधी नडतात. दोन कारणं सांगतो.

एक, जुन्या गाडीची वीज वेगळी असते. आज आपण गृहीत धरतो की बॅटरी बारा व्होल्टची आणि तिचं ऋण टोक बॉडीला जोडलेलं. पण १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बीटल सहा व्होल्टच्या होत्या. मॉरिस मायनर किंवा १९६७ आधीची एमजीबी अशा कितीतरी ब्रिटिश गाड्यांत बॉडीला धन टोक जोडलेलं असायचं. उलटं! तिथे आजचा चार्जर किंवा ट्रॅकर न बघता लावलात तर शॉर्ट होऊन धूर निघायची शक्यता जास्त. म्हणजे निदान झालंच, पण यंत्राचं.

दुसरं, जुनं इग्निशन फार गोंगाट करतं, विजेचा गोंगाट. डिस्ट्रिब्यूटर, ज्याला आपले मिस्त्री 'डेल्को' म्हणतात, त्यात दोन छोटे पॉइंट असतात. ते उघडले की कॉइलमधला करंट तुटतो आणि प्लगला हजारो व्होल्टचा झटका मिळतो. हे मिनिटाला हजारो वेळा होतं. जुन्या गाडीत रेडिओ लावला की इंजिनासोबत खरखर वाढायची ना, ती हीच. या गोंगाटात नाजूक डिजिटल यंत्राने दाखवलेला आकडा खरा मानायचा की नाही, हाच आधी प्रश्न.

आता मूळ मुद्दा. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाहीत, मग या गाड्या इतकी वर्षं दुरुस्त कशा झाल्या? मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी दिवसरात्र धावल्या. वालचंद हिराचंद यांनी उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बनायची, इटलीच्या फियाट ११०० वरून घेतलेली, १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन. टॅक्सी म्हणून नोंदवलेली शेवटची पद्मिनी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. इतक्या वर्षांत त्यांचे किती बिघाड झाले असतील आणि फुटपाथच्या कडेला, झाडाखाली किती दुरुस्त झाले असतील, विचार करा. एकही डबी न लावता.

कारण या गाड्या बोलतात. फक्त ब्लूटूथवर नाही, थेट.

मित्राच्या काकांच्या पद्मिनीचं उदाहरण सांगतो. गाडी सकाळी पहिल्या झटक्यात सुरू. पंधरा-वीस मिनिटं मस्त चालणार. मग आचके खायला लागणार आणि बंद. दहा मिनिटं थांबा, परत सुरू. पुन्हा वीस मिनिटांनी तेच. मित्राने रात्रभर व्हिडिओ बघून यादी काढली: कॉइल गरम होत असेल, कंडेन्सर गेला असेल, नाहीतर व्हेपर लॉक, म्हणजे उष्णतेने पाइपातच पेट्रोलची वाफ होणं. तो एक डिजिटल टेस्टर मागवायच्या बेतात होता.

मिस्त्री आले. वयस्कर माणूस, कानाला पेन्सिल. त्यांनी बोनेट उघडलंच नाही. म्हणाले, चला, चक्कर मारू. गाडी बंद पडली तसे ते उतरले, मागे गेले आणि पेट्रोल टाकीचं झाकण फिरवलं. 'फुस्स!' असा आवाज आला. म्हणाले, "हा बघा तुमचा बिघाड. टाकी गुदमरतेय."

समजलं का काय झालं? टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. त्यासाठी बारीक छिद्र असतं. ते धुळीने बंद झालं होतं. पेट्रोल उपसलं जातंय, हवा येत नाही, टाकीत निर्वात तयार होतोय, शेवटी पंपाची ओढ कमी पडते. दहा मिनिटं थांबलं की हवा कुठून तरी हळूहळू शिरते, गाडी सुरू. टाचणीने छिद्र साफ केलं. खर्च शून्य. मिस्त्रींनी चहा घेतला, पैसे घ्यायला तयार नव्हते, काकूंनी जबरदस्तीने दिले.

ही जादू नाही हां. त्या माणसाला 'सिक्स्थ सेन्स' वगैरे काही नव्हता. नीट बघा त्यांनी काय केलं. लक्षण ऐकलं, वेळेचा हिशेब लावला, शक्यता तीन-चार होत्या त्यातली जी तपासायला सगळ्यात सोपी आणि फुकट, ती आधी तपासली. आणि बिघाड चालू असतानाच तपासली. हे शास्त्र आहे. लिहून ठेवता येतं, शिकता येतं. तर थोडं शिकूया. वही काढायची गरज नाही, खाली सगळं लिहिलेलं असणार आहे.

पहिलं, प्लग. गाडी चालवून आणा, थंड होऊ द्या, चारही प्लग काढून ओळीने ठेवा. टोकाचा रंग बघा. साधारण बदामी असेल तर त्या सिलिंडरचं बरं चाललंय. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. काळं आणि ओलं, तेलकट म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, नाहीतर इंजिन जास्त तापतंय. चार प्लग म्हणजे चार रिपोर्ट, तेही छापील.

दुसरं, कॉम्प्रेशन गेज. प्लगच्या जागी लावायचं, इंजिन सेल्फवर फिरवायचं, प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहायचा. चारही जवळपास सारखे हवेत. एखादा बराच कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजायचा. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, कारण ऑइलने फट भरली. नाही वाढला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. किती साधी युक्ती आहे बघा! एक चमचा ऑइल तुम्हाला इंजिनाचा वरचा भाग की खालचा, हे सांगून जातं.

तिसरं, व्हॅक्यूम गेज. इंजिन हवा ओढतं ती ओढ मोजणारा काटा. समुद्रसपाटीला, म्हणजे मुंबई-रत्नागिरीला, धडधाकट इंजिन मंद चालू असताना काटा साधारण १७ ते २१ इंचांच्या मध्ये स्थिर राहतो. स्थिर पण खाली असेल तर टायमिंग मागे असू शकतं, किंवा कुठून तरी हवा शिरत असेल. काटा ठरावीक तालात झटका खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. काट्याच्या नाचण्यावरून आतलं कळतं. या गेजला बॅटरी लागत नाही, ॲप अपडेट लागत नाही, जाहिराती येत नाहीत.

आणि चौथं, लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडाला. टकटक कुठून येतेय ते डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं ऐकू येतं. फक्त फिरणारा पंखा आणि पट्ट्यापासून केस, ओढणी, बाही लांब ठेवा. हे मी गमतीत सांगत नाहीये.

आता काही श्रोते म्हणतील, तू नव्या यंत्रांच्या विरोधातच आहेस. अजिबात नाही. काही नवी यंत्रं जुन्या गाडीसाठी वरदान आहेत. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्याच. बॅटरी, वायरिंग, अर्थिंग सगळं त्याने कळतं. लेझरवाला थर्मामीटर रेडिएटर कुठे तुंबलाय ते दाखवतो. फोनला लावायचा बोरस्कोप, म्हणजे नळीवरचा बारीक कॅमेरा, प्लगच्या भोकातून आत घातला की पिस्टनचं डोकं दिसतं. आधी त्यासाठी इंजिन उघडावं लागायचं. सायलेन्सरच्या पाइपात बसवायचा ऑक्सिजन सेन्सर कार्बोरेटर ट्यून करायला खरंच मदत करतो.

मग चांगलं यंत्र कोणतं आणि खेळणं कोणतं, हे ओळखायचं कसं? तीन प्रश्न विचारा. हे नेमकं काय मोजतं? ते मोजायला गाडीच्या कोणत्या भागाला स्पर्श करतं? आणि आकडा चुकीचा आला तर मला दुसऱ्या मार्गाने पडताळता येईल का? मल्टिमीटर तिन्हीत पास. बोरस्कोप पास. लायटरच्या भोकातला निळा दिवा पहिल्याच प्रश्नाला नापास.

आता मघाशी म्हटलेली जिवावरची गोष्ट. जरा गंभीरपणे ऐका.

आपल्या पंपांवर आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, ई-ट्वेंटी. नव्या गाड्या त्यासाठी बनवल्या जातात. जुन्या गाडीत दोन गोष्टी होतात. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच पेट्रोलला हवा जास्त झाल्यासारखं होतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्बोरेटरचं जेट म्हणजे पितळेतलं एक ठरावीक भोक. ते कोणाचं ऐकून मोठं होत नाही. दुसरी गोष्ट जास्त वाईट. जुन्या काळातलं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं, नंतर तडकतं. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरचे गॅस्केट, सगळं. आणि पेट्रोलचा पाइप जिथून जातो तिथून हातभरावर तापलेलं सायलेन्सरचं तोंड असतं.

तो पाइप पाझरतोय हे जगातली कुठलीही ब्लूटूथ डबी तुमच्या पद्मिनीत सांगू शकत नाही. ब्रेकचंही तेच. जुन्या बऱ्याच गाड्यांत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन असते. एका ठिकाणी गळती, की पायाखालचं पेडल थेट जमिनीला. चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसतोय का, हे खाली वाकून बघावं लागतं. पाइप बोटांनी दाबून बघावा लागतो. नाक वापरावं लागतं.

अशा वेळी हिरवी खूण दाखवणारं यंत्र नुसतं निरुपयोगी राहत नाही. ते वाकून बघायची सवय मोडतं. 'ॲप म्हणालं ठीक आहे' म्हटल्यावर कपडे मळवून खाली कोण वाकेल? माझा खरा राग आहे तो यावर. पाचशे रुपये गेले त्याचं विशेष काही नाही.

आणि हे आत्ताच बोलण्याचं आणखी एक कारण आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज गाड्यांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी किंवा चारचाकी वेगळ्या 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. म्हणजे गाडी कागदावर जपायची सोय झाली. १९७० च्या दशकातल्या पद्मिनी आता एकेक करून त्या वयाला पोचतायत. पण तिला काय होतंय हे ऐकून सांगणारा माणूस जपायची मालिका कुठल्या आरटीओत आहे?

टॅक्सी गेल्या तशी त्या टॅक्सींवर पोट असणारी गॅरेजं कमी होत चाललीत. जे मिस्त्री पॉइंटची फट नखाने अंदाजून मग फिलर गेजने खात्री करायचे, त्यांच्या हाताखालची पोरं आता स्कॅनर शिकली आहेत, आणि त्यांनी ते शिकायलाच हवं, रोजची भाकरी त्यात आहे. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण मधल्या मध्ये एक अख्खं ज्ञान सांडतंय. ते ज्ञान बहुतेक वेळा कोणत्याच पुस्तकात नाही. ते 'जरा रेस दे... अजून... बास, सोड' एवढ्यात असतं.

म्हणून आज तुम्हाला एक काम देतो. तुमच्या सगळ्यांच्या खिशात असलेल्या यंत्राने करायचं.

तुमच्या घरी, शेजारी, गावाकडे कोणाकडे जुनी गाडी असेल, फियाट, ॲम्बेसेडर, जीप, लॅम्ब्रेटा, बजाज चेतक, काहीही. तिला बघणाऱ्या मिस्त्रींकडे जा. परवानगी विचारा आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करा. इंजिन नीट चालू असतानाचा आवाज एक मिनिट घ्या. मग त्यांना विचारा, टॅपेट ढिले असले तर कसा येतो? एका प्लगची वायर काढून, मिसिंग करायला लावून दाखवता? हे मात्र त्यांनाच करू द्या, तुम्ही वायरीला हात लावू नका, झटका जोरात बसतो. ते बोलतील तेही रेकॉर्ड होऊ द्या. गाडीचं वर्ष, मॉडेल, तारीख लिहून ठेवा. जुन्या पाइपांचे फोटो काढा, पुढच्या वर्षी तेच फोटो परत काढा आणि शेजारी ठेवून बघा, तडे वाढलेत का. हे झालं जुन्या गाडीसाठी स्मार्टफोनचं खरं डायग्नोस्टिक ॲप. मोफत आहे आणि तुमच्याकडे आधीपासूनच आहे.

पुढच्या वेळी ती गाडी बिघडली तर तुमच्याकडे तुलना करायला काहीतरी असेल: ती धडधाकट असताना कशी वाजत होती. निदानाची सुरुवात तिथूनच होते. डॉक्टरही आधी जुने रिपोर्ट मागतात की नाही?

रेकॉर्डिंग केलंत तर आम्हाला नक्की पाठवा. चांगली आली तर त्यांचाच एक भाग करू. त्यात मी कमी बोलेन, इंजिनं जास्त बोलतील. तोवर गाडी सावलीत लावा, पेट्रोलचा पाइप आजच बघा, आणि टाकीचं झाकण उघडताना कान द्या.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!